खानदेशातील लाव्हास्तर आणि ‘पठार’ या कल्पनेचा इतिहास

दख्खनचे पठार ज्वालामुखीच्या उद्रेकातून निर्माण झाले, हे विधान शालेय भूगोलाच्या पुस्तकात आपण सर्वांनी वाचलेले असते आणि पुढे पदव्युत्तर वर्गापर्यंत ते फारसे न तपासताच सोबत येते. विधान खोटे नाही. परंतु त्यात दोन वेगवेगळे प्रश्न एकत्र बांधले गेले आहेत. पठार ज्या खडकाचे बनले आहे तो खडक कोठून व कसा आला, हा पहिला प्रश्न; आणि तो खडक आज समुद्रसपाटीपासून एवढ्या उंचीवर सपाट माथ्याने का उभा आहे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ज्वालामुखी देतो. दुसऱ्याचे उत्तर तोच देतो असे आपण गृहीत धरतो. हे गृहीत कितपत टिकते, याची कसोटी पाहण्यास सह्याद्रीच्या माथ्यापेक्षा खानदेशाचा सखल प्रदेश अधिक उपयुक्त आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कारण येथे खडक तोच आहे, पण पठार नाही.

खानदेशाच्या इतिहासाचा आरंभ सामान्यतः यादवांपासून किंवा फारुकी घराण्यापासून केला जातो. धुळ्याला इतिहासाचार्य राजवाडे यांचे वास्तव्य होते आणि त्यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये त्यांच्या नावाने तेथे संशोधन मंडळ स्थापन झाले. त्यामुळे कागदपत्रांच्या इतिहासाची या भूमीला उणीव नाही. १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे खानदेशाचे दोन जिल्हे झाले, त्यांचेच पुढे जळगाव व धुळे झाले आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. या तीनही जिल्ह्यांच्या सीमा ज्या भूमीवर आखल्या आहेत तिचाही एक इतिहास आहे, आणि तो वाचण्याचा प्रयत्न गेली जवळजवळ दोनशे वर्षे चालू आहे. प्रस्तुत लेखात मुख्यतः त्या वाचनाचाच इतिहास सांगावयाचा आहे.

चाळीसगावहून कन्नडकडे जाणारा घाट चढून मागे वळून पाहिले, तर प्रश्नाचे स्वरूप एका दृष्टिक्षेपात ध्यानी येते. पायाखाली अजिंठा-सातमाळा रांगेचा सपाट माथा, त्याच्या उतारावर एकाखाली एक अशा कड्यांच्या आडव्या पट्ट्या, आणि त्यांच्या पायथ्यापासून उत्तरेस पसरलेले गिरणा-तापीचे मैदान. मैदानापलीकडे सातपुडा. कड्यांच्या या पायऱ्या पाहूनच युरोपीय निरीक्षकांनी या खडकाला ‘ट्रॅप’ म्हटले. पायरी किंवा जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून ते नाव आले आहे. प्रत्येक पायरी म्हणजे लाव्हाच्या एकेका थराची कोर होय. थराचा मधला भाग घट्ट असतो, तो आपला काळा पाषाण. तो झिजण्यास कठीण म्हणून त्याचा कडा उभा राहतो. थराच्या माथ्याकडील भागात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिलेल्या असतात आणि पुढे त्या झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी यांनी भरून येतात. हाच मांजऱ्या खडक. तो ठिसूळ असल्याने झिजून उतार बनतो. अजिंठ्याच्या लेण्यांशी वाघूर नदी ज्या सातकुंडांतून उड्या घेत उतरते, तीही याच पायऱ्यांवरून. लेणी कोरणाऱ्या पाथरवटांना घट्ट व ठिसूळ थरांतील हा भेद हाताने कळलेला होता, यात संशय नाही. मात्र या पायऱ्या बनल्या कशा, हा प्रश्न त्यांच्यापुढे असण्याचे कारण नव्हते.

तो प्रश्न शास्त्रीय स्वरूपात प्रथम मांडला गेला तो मुंबई सरकारच्या सेवेतील कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांच्या लेखनात. साइक्स हे मूळचे सांख्यिकी-अन्वेषक. शेती, लोकसंख्या, हवामान, पक्षी आणि मासे अशा सर्वांची नोंद करीत ते हिंडले आणि त्याच ओघात १८३३ मध्ये त्यांनी लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेपुढे दख्खनच्या एका भागाच्या भूरचनेवर निबंध सादर केला. ‘दख्खन ट्रॅप’ ही संज्ञा तेव्हापासून रूढ झाली. थरांचा आडवेपणा आणि त्यांची अफाट व्याप्ती या दोन गोष्टींवर त्यांनी भर दिला. ज्वालामुखी म्हटला की व्हेसुव्हियस किंवा एटना असा शंकूच्या आकाराचा, माथ्यावर मुख असलेला पर्वत डोळ्यांपुढे यावा, असा तो काळ होता. दख्खनमध्ये तसा एकही पर्वत आढळत नाही. ही अनुपस्थिती पुढील शंभर वर्षे अभ्यासकांना सतावीत राहिली.

नागपूर येथील मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी १८५० नंतरच्या दशकात लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये सापडणारे गाळाचे पातळ थर आणि त्यांतील गोड्या पाण्यातील शंख-शिंपले उजेडात आणले. या शोधाचे महत्त्व त्या वेळी पूर्णपणे जाणवले असेल असे वाटत नाही. एका थरावर तळे साचते, त्यात शंख वाढतात, मरतात, गाळात पुरले जातात, आणि मग वरून दुसरा लाव्हा येतो, याचा अर्थ दोन उद्रेकांच्या मध्ये दीर्घ शांततेचा काळ गेला होता आणि हे सर्व उघड्या जमिनीवर घडत होते. हा अर्थ पद्धतशीर रीतीने मांडण्याचे काम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे विल्यम टॉमस ब्लॅनफर्ड यांनी केले. ही संस्था टॉमस ओल्डहॅम यांच्या नेतृत्वाखाली १८५१ मध्ये सुरू झाली होती आणि कोळशाचा शोध हे तिचे आरंभीचे मुख्य प्रयोजन होते. कोळशाचा हा धागा पुढे भुसावळला पुन्हा हाती येणार आहे. पश्चिम व मध्य भारतातील ट्रॅप आणि आंतरस्तरीय गाळ यांवरील ब्लॅनफर्ड यांचा प्रबंध १८६७ मध्ये, तर तापी व नर्मदेच्या खालच्या खोऱ्यांवरील प्रबंध १८६९ मध्ये प्रसिद्ध झाला. खानदेशाच्या भूरचनेचे पहिले सुसंगत वर्णन या दुसऱ्या प्रबंधात आहे. ट्रॅप समुद्राच्या तळाशी नव्हे तर भूपृष्ठावर वाहिला, हे त्यांचे प्रतिपादन आज सर्वमान्य आहे. या दोन प्रबंधांच्या दरम्यान, १८६७-६८ मध्ये, ब्लॅनफर्ड हे ॲबिसीनियातील लष्करी मोहिमेबरोबर भूवैज्ञानिक म्हणून गेले आणि तेथेही त्यांना तसेच आडव्या थरांचे लाव्हामय पठार पाहावयास मिळाले. तापीचे खोरे पाहिलेल्या डोळ्यांनी इथिओपियाचे पठार पाहण्याची संधी मिळालेला हा बहुधा पहिलाच अभ्यासक.

शंकू नाहीत, तर लाव्हा आला कोठून? ब्लॅनफर्ड यांनी याचे उत्तर भित्तींच्या दिशेने शोधले. भूगर्भातील शिलारस खडकातील उभ्या भेगेत शिरून तेथेच थिजला म्हणजे जी उभी शिलापट्टी तयार होते तिला भित्ती म्हणतात. आजूबाजूचा खडक झिजला की ती खरोखरच एखाद्या पडक्या तटासारखी जमिनीतून वर डोकावते. राजपिपळ्याच्या डोंगरांत आणि तापी-नर्मदेच्या पट्ट्यात अशा भित्ती विपुल आहेत, पूर्वेकडील पठारावर त्या विरळ होतात. तेव्हा उद्रेकाची स्थाने या भित्तीबहुल प्रदेशांत असावीत, असा त्यांचा तर्क होता. त्याच सुमारास, १८६८ मध्ये, रिश्टहोफेन यांनी अमेरिकेतील निरीक्षणांच्या आधारे भेगांतून होणाऱ्या विस्तीर्ण उद्रेकांची कल्पना मांडली, आणि पुढे आर्चिबाल्ड गायकी यांनी स्नेक नदीचे लाव्हामैदान पाहून आल्यावर ती जोरकसपणे पुरस्कारली. प्रत्यक्ष पाहिलेल्या घटनेचा आधार या कल्पनेला आइसलँडने पुरविला होता. तेथे १७८३ च्या जूनमध्ये लाकी येथे सुमारे सत्तावीस किलोमीटर लांबीच्या भेगेवर शंभराहून अधिक मुखे उघडली आणि आठ महिन्यांत सुमारे पंधरा घन किलोमीटर लाव्हा बाहेर पडला. मानवी स्मृतीतील हा अशा प्रकारचा सर्वांत मोठा उद्रेकांपैकी एक. तरीही त्याने व्यापलेली भूमी जळगाव जिल्ह्यातील एखाद्या सरासरी तालुक्यापेक्षा कमीच भरेल. दख्खन ट्रॅपचे आजचे उरलेले क्षेत्रच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे.

धुळ्याहून साक्रीकडे किंवा दोंडाईच्यावरून नंदुरबारकडे जाताना मैदानातून अचानक उठणारे अरुंद, सरळ, लांबच लांब डोंगरकणे प्रवाशाने पाहिलेले असतात. त्यांतील पुष्कळसे या भित्तींचेच आहेत. जवळ जाऊन पाहिले तर त्यांच्यातील खांबासारखे तुकडे उभे नसून आडवे रचलेले दिसतात, जणू लाकडांच्या मोळ्या एकावर एक ठेवल्या आहेत. कारण उघड आहे: शिलारस थंड होताना खांब थंड पृष्ठाशी काटकोनात बनतात, लाव्हाच्या थरात ते पृष्ठ आडवे असते म्हणून खांब उभे, भित्तीत ते उभे असते म्हणून खांब आडवे. रे, शेठ व मलिक या अभ्यासकांनी २००७ मध्ये नंदुरबार-धुळे परिसरातील या भित्तींचे सविस्तर मापन प्रसिद्ध केले. सुमारे १४,५०० चौरस किलोमीटर क्षेत्रात एक किलोमीटरहून लांब अशा २१० भित्तींची त्यांनी नोंद केली आहे. सर्वांत लांब भित्ती ७९ किलोमीटरची आहे. जाडी ३ मीटरपासून ६२ मीटरपर्यंत आढळते. जवळजवळ सर्व भित्ती उभ्या असून त्यांची सरासरी दिशा पूर्व-पश्चिम, म्हणजे तापीच्या प्रवाहाशी जवळपास समांतर आहे. त्या जुन्या भ्रंशांचा आधार घेऊन शिरलेल्या नाहीत. यावरून निघणारा निष्कर्ष मोलाचा आहे: ज्या वेळी हा शिलारस वर चढला त्या वेळी येथील भूकवच उत्तर-दक्षिण दिशेने ताणले जात होते.

आता येथे सावधगिरीची गरज आहे. भित्ती दिसली म्हणजे तीच लाव्हाची वाट, असे समजणे सोपे आहे आणि आपल्या पाठ्यपुस्तकांनी ते समजून घेतलेच आहे. पण जी भित्ती लाव्हाच्या थरांना छेदून जाते ती त्या थरांपेक्षा नंतरची असणार, आधीची नव्हे. तिने भरणपोषण केलेच असेल तर तिच्या वर असलेल्या, आणि आता कदाचित झिजून गेलेल्या, थरांचे. ऑडेन यांनी १९४९ मध्ये पश्चिम भारतातील भित्तींवर लिहिताना हा संबंध चर्चेस घेतला, आणि सागर विद्यापीठातील वेस्ट यांनी १९५९ मध्ये ट्रॅपच्या उगमस्थानांचा प्रश्न पुन्हा उपस्थित केला. त्यापुढील प्रगती रसायनशास्त्राने घडविली. भित्तीतील आणि थरांतील सूक्ष्म मूलद्रव्यांचे व समस्थानिकांचे प्रमाण ताडून पाहता येऊ लागले, तेव्हा कोणती भित्ती कोणत्या थराची जननी असू शकेल हे काही अंशी सांगता येऊ लागले. व्हॅन्डरक्लायसेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनेत, सह्याद्रीच्या वरच्या, अतिविशाल थरांशी जुळणाऱ्या भित्ती नाशिक-पुणे भागात आढळल्या, जेथे भित्तींना कोणतीही एक ठराविक दिशा नाही. खानदेशातील शिस्तबद्ध पूर्व-पश्चिम भित्तींकडे पाहून संपूर्ण पठाराची जन्मकथा एकाच ताणाच्या सूत्रात गुंफण्याचा मोह होतो. त्या मोहाला या निष्कर्षाने चांगलाच लगाम घातला आहे.

भित्ती हे पृष्ठावरील पुरावे. खोलीचा पुरावा मिळाला तो भुसावळला, आणि तोही दुसऱ्याच हेतूने केलेल्या उद्योगातून. भुसावळ हे रेल्वेचे मोठे ठाणे, आणि रेल्वेला हवा होता कोळसा. नागपूर-चंद्रपूरकडे ट्रॅपच्या कडेने गोंडवन स्तरांतील कोळसा सापडतो. तेच स्तर ट्रॅपखाली पश्चिमेकडे सरकत गेले असतील आणि ट्रॅप फार जाड नसेल, तर खानदेशातही कोळसा हाती लागू शकेल, असा विचार स्वाभाविक होता. त्यासाठी येथे १,२१७ फूट खोल वेधन केले गेले. कोळसा लागला नाही. ट्रॅपचा तळही लागला नाही. भोक ज्या खडकात सुरू झाले त्याच जातीच्या खडकात संपले. व्यवहाराच्या दृष्टीने हा खर्च वाया गेला असेच कोणी म्हणेल. पण सर्वेक्षण संस्थेचे लुइस ली फर्मर यांनी त्यातून निघालेल्या खडकाचा अभ्यास केला आणि १९२५ मध्ये तो प्रसिद्ध केला. तोवर लाव्हाचे थर मोजले जात ते घाटातील कड्यांवर, जेथे झीज, दरड आणि माती यांनी बरेच काही झाकलेले असते. भुसावळला प्रथमच एका उभ्या रेषेवर, अखंड, थरामागून थर पाहता आला. फर्मर यांनी २९ थर ओळखले. एकेकाची सरासरी जाडी सुमारे चाळीस फूट.

या आकड्यांशी थोडे थांबले पाहिजे. भुसावळ समुद्रसपाटीपासून सुमारे २०९ मीटर उंचीवर आहे. १,२१७ फूट म्हणजे सुमारे ३७१ मीटर. म्हणजे वेधनाचा तळ समुद्रसपाटीच्या दीडशे मीटरहून अधिक खाली पोचला होता, आणि तरीही लाव्हा संपला नव्हता. आता नागपूरकडे पाहा. तेथे ट्रॅपचा पूर्वेकडील काठ आहे. लाव्हाचा तळ आणि त्याखालील जुने खडक जमिनीवरच, समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे मीटर उंचीवर, उघडे पडलेले दिसतात. लाव्हा उघड्या जमिनीवर वाहिला हे हिस्लॉप यांच्या शंख-शिंपल्यांनी सिद्ध केलेले. मग खानदेशात त्याचा तळ समुद्रपातळीखाली कसा? आणि उलट दिशेने, सातपुड्यात तोरणमाळला हाच लाव्हा सुमारे ११५० मीटर उंचीवर कसा? दोन स्थळांमध्ये अंतर पुष्कळ आहे हे मान्य करूनही, भुसावळच्या भोकाच्या तळापासून तोरणमाळच्या माथ्यापर्यंत तेराशे मीटरचा उभा पल्ला लाव्हाने व्यापला आहे. उद्रेकाने एका सपाट चादरीसारखे पठार अंथरले, या चित्रात हा पल्ला बसत नाही.

उत्तरे दोन संभवतात. एक, खानदेशाची भूमी उद्रेकापूर्वीच सखल होती आणि लाव्हाने ते खोरे भरून काढले. दोन, लाव्हा सर्वत्र सारख्या पातळीवर साचला आणि पुढे भ्रंशांवरून तापीचा पट्टा खाली खचला, सातपुडा वर राहिला. दुसरे उत्तर आपल्याकडे अधिक लोकप्रिय आहे, कारण ते डोळ्यांना दिसते. यावल-रावेरच्या केळीच्या मळ्यांतून उत्तरेस पाहिले तर सातपुडा भिंतीसारखा सरळ उठतो. चोपडा तालुक्यात उनपदेवाचे उष्णोदकाचे झरे याच पायथ्याच्या रेषेवर आहेत, आणि १४ मार्च १९३८ चा सातपुड्याचा मोठा भूकंप ही रेषा अजून निद्रिस्त झालेली नाही याची साक्ष देतो. पहिल्या उत्तराचा पुरावा मात्र पृष्ठावर नाही. तो मिळाला राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेच्या भूकंपीय मापनातून. स्फोटांच्या लहरी जमिनीत सोडून त्यांच्या परतीवरून खोलीतील थर ओळखण्याच्या या पद्धतीने सेंधव्यापासून खानदेशातील सिंदाडपर्यंतच्या रेषेवर ट्रॅपच्या खाली गाळाच्या खडकांचे जाड थर असल्याचे सूचित झाले, आणि कैला यांनी १९८८ मध्ये नर्मदा-तापी प्रदेशात ट्रॅपखाली एक मध्यजीव महाकल्पातील गाळखोरे दडलेले असल्याचे प्रतिपादन केले. जेथे गाळाचे एवढे थर साचतात ती भूमी उद्रेकापूर्वीच सखल असली पाहिजे. प्रस्तुत लेखकाच्या मते दोन्ही कारणे खरी आहेत, पण पहिल्याला आपल्या लेखनात मिळावयास हवे तेवढे स्थान अजून मिळालेले नाही. भुसावळला कोळसा शोधणारे लोक, ट्रॅपखाली जुने गाळस्तर असावेत असे मानण्यात, तितकेसे चुकलेले नव्हते. त्यांचे वेधन मात्र अपुरे पडले.

फर्मर यांच्या २९ या आकड्याचाही पुढे एक इतिहास घडला. १९७० नंतर जॉर्ज वॉकर यांनी साधे लाव्हाप्रवाह आणि संयुक्त लाव्हाप्रवाह असा भेद दख्खनच्या संदर्भात पुढे आणला. एकाच उद्रेकात लाव्हा एका अखंड चादरीसारखा वाहतो असे नाही; तो अनेकदा जिभांसारख्या लहान पदरांनी पुढे सरकतो, एक पदर थिजतो, त्याच्यावरून किंवा शेजारून दुसरा फुटतो. प्रत्येक पदराला स्वतःचा मांजऱ्या माथा असतो. खानदेशातील लाव्हा बव्हंशी या संयुक्त प्रकारचा आहे. मग वेधनाच्या अरुंद भोकात मांजऱ्या माथा लागला की एक थर मोजावयाचा, ही पद्धत उद्रेक मोजते की पदर? लाल मातीचा भाजलेला पट्टा किंवा तळ्यातील गाळ मध्ये लागला तर दोन उद्रेकांत काळ गेला असे निश्चित म्हणता येते. नुसत्या मांजऱ्या माथ्यावरून ते म्हणता येत नाही. तेव्हा भुसावळला २९ थर आहेत हे खरे, परंतु २९ उद्रेक झाले असे त्यावरून लिहिणे चूक ठरेल. हा भेद न पाळता हा आकडा अवतरित करण्याची सवय विद्यार्थ्यांनी सोडावी.

हवाईमधील जिवंत प्रवाहांच्या निरीक्षणाने या विचाराला १९९० नंतर आणखी एक जोड दिली. लाव्हाच्या पदराचा पृष्ठभाग लवकर थिजतो आणि त्याच्या आवरणाखाली वितळलेला लाव्हा आत शिरतच राहतो. पदर आतून फुगत जातो, वीतभर जाडीचा होता तो कित्येक हात जाड होतो. आवरणामुळे आतील उष्णता टिकते आणि लाव्हा फार लांबपर्यंत, संथपणे, जाऊ शकतो. म्हणजे दख्खनचे थर घोड्याच्या वेगाने धावणाऱ्या आगीच्या महापुराने बनले, हे जुने भव्य चित्र बरेचसे मागे घ्यावे लागते. कालाच्या हिशेबातही दुरुस्ती झाली. १९८८ पासून प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या कालमापनांनी उद्रेकांचा मुख्य काळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि भूवैज्ञानिक मानाने अत्यल्प असल्याचे दाखविले. २०१५ मध्ये शोनी व सहकाऱ्यांनी सह्याद्रीतील नमुन्यांवरून मुख्य उद्रेककाळ सुमारे साडेसात लाख वर्षांचा ठरविला. ही मापने सह्याद्रीची आहेत. ती जशीच्या तशी तापीच्या खोऱ्यातील थरांना लावता येणार नाहीत.

आता उंचीचा दुसरा प्रश्न. लाव्हाचा ढीग दोन किलोमीटर जाड झाला म्हणजे भूमी दोन किलोमीटर उंच होते, असे नाही. माल लादलेली नाव जशी पाण्यात बसते, तसे भूकवच ढिगाच्या भाराने खालच्या प्रावरणात दबते आणि वाढलेल्या उंचीचा मोठा भाग गिळून टाकते. शिवाय ढीग सर्वत्र सारखा जाड नाही. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी येथे घेतलेल्या वेधनात ट्रॅप ३३८ मीटरवर संपला. कोयनेजवळच्या वेधनात तो ९३२ मीटरहून अधिक जाड आढळला. सह्याद्रीत कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे. आजची उंची ही ढिगाच्या जाडीची नव्हे, तर उद्रेकानंतर पश्चिम किनाऱ्यालगत भूमीचे जे उत्थान झाले त्याची आणि झिजेने भार हलका होत गेल्याची देणगी आहे. विडोसन व कॉक्स यांनी १९९६ मध्ये जांभ्या दगडाचे थर आणि नद्यांच्या दिशा यांवरून या उत्थानाचा मागोवा घेतला. गोदावरी पश्चिम समुद्राच्या जवळ उगम पावून पूर्व समुद्राला मिळते, तापी मात्र मुलताईहून निघून उलट्या दिशेने, ताणलेल्या आणि खचलेल्या पट्ट्याचा आधार घेत पश्चिमेस जाते. या दोन नद्यांचा विरोध उत्थानाच्या आणि अवनमनाच्या या दोन इतिहासांचा विरोध आहे.

संज्ञांच्या इतिहासातही हा बदल प्रतिबिंबित झाला आहे. हेन्री वॉशिंग्टन यांनी १९२२ मध्ये दख्खन ट्रॅपच्या रासायनिक पृथक्करणांवर लिहिले तेव्हा त्यांनी अशा खडकांना ‘पठारी बेसाल्ट’ म्हटले. टिरेल यांनी १९३७ मध्ये ‘पूर-बेसाल्ट’ हा शब्द रूढ केला. पहिला शब्द भूमीच्या आजच्या आकारावरून घेतला आहे, दुसरा खडक साचण्याच्या रीतीवरून. दुसराच जगभर टिकला, आणि खानदेशासारखा सखल लाव्हाप्रदेश पाहिला म्हणजे तो का टिकावयास हवा होता हे कळते. मराठीत मात्र आपण अजून पहिल्याच्याच छायेत लिहितो.

हे सर्व निव्वळ पुस्तकी वादाचे विषय नाहीत. खानदेशातील शेतकरी विहिरीला पाणी किती खोल लागेल हे विचारतो तेव्हा तो याच थरांविषयी विचारीत असतो. मांजऱ्या माथा आणि तडे गेलेला कातळ पाणी धरतो, घट्ट काळा पाषाण धरीत नाही. धुळ्याकडील एखादी अभंग भित्ती भूजल अडवून एका बाजूची विहीर भरलेली आणि दुसऱ्या बाजूची कोरडी ठेवू शकते, तर तीच भित्ती तडकलेली असली तर पाण्याची वाट होते. सातपुड्याच्या पायथ्याशी, जेथे खचलेल्या लाव्हावर डोंगरातून वाहून आलेले गोटे, वाळू व गाळ यांचे जाड थर साचले आहेत, तेथे पावसाचे पाणी जमिनीत उतरते आणि यावल-रावेरची केळी त्याच्यावर उभी आहे. पांझरेच्या काठची फड बागाईत आणि तापीकाठची नलिकाकूपांची बागाईत या दोन भिन्न पद्धती एकाच जिल्हासमूहात का वाढल्या, याचे एक कारण खडकात आहे. आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकांनी त्याची दखल घेतल्याचे क्वचितच दिसते.

भूवैज्ञानिक बाजूने जे काम आता व्हावयास हवे ते हे की, सातपुड्याच्या कड्यावरील आणि मैदानाखालील एकच लाव्हास्तर रासायनिक लक्षणांवरून दोन्हीकडे ओळखावा. तो ओळखला गेला की खानदेश किती खचला हे मीटरमध्ये सांगता येईल, आणि उरलेला फरक उद्रेकापूर्वीच्या सखलपणाच्या खाती टाकता येईल. त्यासाठी तापीच्या गाळाखालून, ट्रॅपच्या तळापर्यंत पोचणारे वेधन लागेल. भुसावळचे भोक ज्या कातळात थांबले, त्याच्या खालून ते सुरू व्हावयास हवे.